वय झालेल्या कुत्रीचं स्पे (नसबंदीचं) ऑपरेशन: दुर्बिणीचं की साधं, हे कधी आणि कसं ठरवायचं

"नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, दुर्बिणीने करू की साधं?" असा मेसेज आला की मी उलट तीन प्रश्न विचारते. शेवटचा माज कधी झाला? सोनोग्राफी केली का? प्लेटलेट किती? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "ते डॉक्टर बघतीलच." ऑपरेशनची तारीख मात्र आधीच ठरलेली असते, कारण त्या शनिवारी सुट्टी असते.

मीही तेच केलं होतं. आमची ठकी रस्त्यावरून आलेली, तेव्हा साधारण नऊ वर्षांची. दहिसरहून सकाळी सातला निघालो, दुर्बिणीच्या ऑपरेशनचे पैसे आगाऊ भरलेले. रक्त त्याच सकाळी काढलं. प्लेटलेट ५८ हजार निघाल्या. कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर लागतात. गोचीडताप अंगात मुरलेला आणि वरून कुत्री मजेत शेपटी हलवतेय. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन झालं. मग सोनोग्राफीत गर्भपिशवी सुजलेली दिसली आणि दुर्बिणीचा बेतच बारगळला. जे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं ते आम्हाला दीड महिन्याने कळलं.

तरुण कुत्रीत पद्धत आधी ठरवली तरी सहसा निभावतं. वय झालेल्या कुत्रीत ती सगळ्यात शेवटी ठरते. मोठ्या जातीत सहा-सात वर्षांपुढे आणि छोट्या जातीत आठ-नऊ वर्षांपुढे खालचा क्रम पाळा.

१. आधी माजाचं कॅलेंडर

मोबाइलमधले जुने फोटो, सोसायटीच्या ग्रुपवरच्या तक्रारी, काहीही शोधा, पण शेवटचं रक्त कधी दिसलं ती तारीख काढा. माज संपल्यानंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी ऑपरेशन करणं सोयीचं. माजात गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्रावाचा धोका वाढतो. माजानंतर लगेच केलं आणि खोटं गरोदरपण चालू असेल, म्हणजे दूध उतरलंय, उशी कुशीत घेऊन बसलीये, तर ऑपरेशननंतर ते दूध लांबतच जातं. ते आटल्यावरच तारीख घ्या.

इथली नेहमीची चूक: "वय झालं, आता तिचा माज थांबलाय." कुत्रीला बाईसारखी रजोनिवृत्ती येत नाही. वयाबरोबर दोन माजांतलं अंतर वाढतं, रक्त इतकं कमी दिसतं की लक्षात येत नाही, पण अंडाशय काम करतच असतात. म्हणूनच म्हातारपणी पायोमेट्रा होतो, म्हणजे गर्भपिशवीत पू साठतो. तो बहुधा माजानंतर चार ते आठ आठवड्यांत गाठतो. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून ऑपरेशन न झालेल्या साधारण चारातल्या एका कुत्रीला दहा वर्षांच्या आत तो झाल्याचं दिसलं होतं.

माज पुढे ढकलायला किंवा चुकून मिलन झालं म्हणून कधी हार्मोनचं इंजेक्शन दिलं होतं का, तेही आठवून लिहून ठेवा. अशा इंजेक्शनांनी पायोमेट्राचा धोका वाढतो. डॉक्टर बदललेले असतील तर नव्या डॉक्टरांना हे कुठून कळणार?

थांबा. माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी पितेय, जेवण सोडलंय, उलट्या होताहेत, मागून पू किंवा लालसर घाण येतेय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. घाण बाहेर येत नाही आणि पोट फुगतंय, ही तर त्याहून वाईट अवस्था. तिथे पद्धत निवडायला वेळच नसतो. सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन तिला सावरतात आणि पोटाच्या मध्यरेषेवर चीर घेऊन गर्भपिशवी काढतात.

रस्त्यावरून मोठी झाल्यावर घरी आणलेली असेल तर आधी कान बघा. पालिकेच्या किंवा संस्थेच्या नसबंदी मोहिमेत ऑपरेशन झालेल्या कुत्रीच्या कानाला खाच असते. ती दिसली तर डॉक्टरांकडून पोट आणि कुशीवरचे केस काढून व्रण आहे का ते बघून घ्या. आधीच झालेल्या ऑपरेशनसाठी पुन्हा भूल दिल्याचे किस्से मी ऐकले आहेत.

२. घरी, हाताने

रविवारी दुपारी, ती जेवून पसरली की पंधरा मिनिटं काढा. तिला पाठीवर लोळवा आणि बोटांच्या टोकांनी स्तनांच्या दोन्ही रांगा चाचपा, पुढच्या पायांपासून जांघेपर्यंत. साधारण पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त सापडतात, म्हणून तिथे बोट हळू फिरवा. वाटाण्याएवढी कडक गाठ लागली तर मापपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. कुत्र्यांतल्या स्तनांच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या असतात. त्यामुळे "चरबीची असेल" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून, आणि तेही सुईने तपासल्यावरच ऐका.

मग दोन दिवस पाणी मोजा. सकाळी मापाच्या भांड्याने भरा, रात्री उरलेलं मोजा. २४ तासांत किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर जात असेल, म्हणजे दहा किलोची कुत्री एक लिटरहून जास्त पीत असेल, तर मूत्रपिंड, साखर किंवा गर्भपिशवी यांपैकी कुठेतरी गडबड असू शकते. खोकला, जिना चढताना धाप, रात्री घरात लघवी सुटणं, हेही त्याच कागदावर. चालू असलेली सगळी औषधं लिहा, शेजारच्यांनी सुचवलेल्या काढ्यासकट.

३. तपासण्या, आणि त्यांचा क्रम

ऑपरेशनच्या सकाळी रक्त काढणं हे फक्त तरुण, धडधाकट कुत्रीला चालतं. इथे तपासण्या निदान आठ-दहा दिवस आधी हव्यात, म्हणजे काही सापडलं तर उपचाराला वेळ राहतो.

आधी रक्त: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मूत्रपिंड, यकृत, साखर. प्लेटलेटचा आकडा स्वतः वाचा. मुंबईत गोचीड बाराही महिने असतात आणि पावसाळ्यात तर उच्छाद असतो. एर्लिकिया किंवा बबेसिया, म्हणजे गोचिडांमुळे होणारे ताप, असलेली कुत्री वरून ठीक दिसू शकते आणि टेबलावर मात्र रक्त थांबत नाही. प्लेटलेट कमी आल्या तर स्लाइडवर हाताने मोजून घ्या. रक्त काढताना गुठळी झाली तर यंत्र खोटा कमी आकडा दाखवतं. खरंच कमी असतील तर आधी तापाचा उपचार.

मग छातीचा एक्स-रे. हृदयाचा आकार आणि फुप्फुसं दिसतात. स्तनात गाठ असेल तर एकाच बाजूचा फोटो पुरत नाही, तीन बाजूंनी काढायला सांगा. गाठ फुप्फुसात पसरलेली असेल तर सगळा विचारच बदलतो. स्टेथोस्कोपने हृदयात खरखर ऐकू आली तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हा सगळीकडे होत नाही. नेहमीचे डॉक्टर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात, त्याच आवारातल्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये, किंवा महालक्ष्मीच्या नव्या मोठ्या हॉस्पिटलात चौकशी करायला सांगू शकतात. चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घेऊन जा. नुसतं "डॉक्टरांनी पाठवलंय" म्हटल्याने तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

शेवटी पोटाची सोनोग्राफी, आणि पद्धतीचा निर्णय खऱ्या अर्थाने इथेच होतो. निरोगी गर्भपिशवी पडद्यावर जेमतेम सापडते, बारीक दोरीसारखी. ठकीची सहज सापडली. डॉक्टरांनी प्रोब मूत्राशयाच्या वर सरकवला आणि करड्या पट्ट्यात काळे गोल ठिपके दिसले, साबुदाण्यासारखे, मध्ये थोडं पाणी. "ताई, हे अस्तर जाड झालंय, गाठोळ्या आहेत. ही पिशवी आत ठेवून उपयोग नाही." मी दुर्बिणीच्या पैशांचं विचारलं, तर ते हसले फक्त.

तपासा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये गर्भपिशवीची जाडी, आत पाणी आहे-नाही, आणि दोन्ही अंडाशयांविषयी एकेक ओळ हवी. "पोट नॉर्मल" एवढंच लिहिलेलं असेल तर परत विचारा.

४. नावांचा गोंधळ

दोन वेगळे प्रश्न लोक एकात मिसळतात. काय काढायचं, आणि कुठून काढायचं.

काय काढायचं याचे मुख्य दोन पर्याय: फक्त दोन्ही अंडाशय, किंवा अंडाशयांसकट गर्भपिशवी. पिशवी निरोगी असेल तर नुसते अंडाशय काढणंही पूर्ण ऑपरेशनच आहे, कारण हार्मोन थांबले की पायोमेट्राचं कारणच जातं. तिसरा पर्याय हल्ली परदेशी व्हिडिओंतून येतो, अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढण्याचा. वय झालेल्या कुत्रीत तो मागू नका. माज चालू राहतो आणि पिशवीचा तुकडा मागे राहिला तर त्यात पू होऊ शकतो.

कुठून काढायचं याचे तीन मार्ग. पोटाच्या मध्यरेषेवर चीर. बरगड्यांच्या मागे कुशीत छोटी चीर, जी आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या मोहिमांत बरीच वापरतात. आणि दुर्बीण, म्हणजे दोन-तीन छोटी भोकं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून. दुर्बिणीने बहुधा फक्त अंडाशय काढतात. त्यात दुखणं कमी आणि हालचाल लवकर, हे खरं आहे.

"लेझर स्पे" आणि "बिनटाक्यांचं" या जाहिरातीतल्या शब्दांना भुलू नका. लेझर हे कापायचं हत्यार, मार्ग नव्हे. बिनटाक्यांचं म्हणजे टाके आत, आपोआप विरघळणारे.

५. आता पद्धत

*पिशवी आणि अंडाशय स्वच्छ, हृदय ठीक.* इथे खरी निवड आहे. कुत्री मोठी, खोल छातीची किंवा जाड असेल तर दुर्बिणीचा फायदा जास्त. अशा कुत्रीचे अंडाशय खोल असतात, साध्या ऑपरेशनात ते वर ओढावे लागतात आणि ती ओढच नंतर दुखते. सात किलोच्या शिट्झूत फरक तेवढा मोठा नाही. माझं मत विचाराल तर, दुर्बिणीच्या नवख्या हातापेक्षा मध्यरेषेवर रोज काम करणारा हात बरा.

*पिशवी जाड, गाठोळ्यांची किंवा पाणी साठलेली, अथवा अंडाशयावर गाठ.* मध्यरेषा, अंडाशय आणि पिशवी दोन्ही. नुसते अंडाशय काढून आजारी पिशवी मागे ठेवू नये. कुशीची चीर इथे नकोच. तिथून फुगलेली पिशवी बाहेर काढणं अवघड, आणि पलीकडच्या अंडाशयाकडून रक्त सुटलं तर हात पोचत नाही. कुत्री जाड असेल तरीही कुशीतून टाळावं. मोहिमेत हजारो कुत्र्यांना चाललेली पद्धत तुमच्या कुत्रीला चालेल असं समजू नका. तिथे बहुतेक कुत्र्या तरुण आणि सडपातळ असतात.

*स्तनात गाठ.* दोन्ही एकाच भुलीत करायचं की दोनदा, हे गाठीचा आकार, भुलीचा एकूण वेळ आणि तिची तब्येत बघून ठरतं. एकाच वेळी करायचं ठरलं तर आधी पोटाचं, मग गाठीचं, म्हणजे गाठीतल्या पेशी पोटात जाण्याची भीती राहत नाही. एक कटू गोष्ट: या वयात स्पे केल्याने पुढच्या स्तनगाठींपासून फारसं संरक्षण मिळत नाही. ते पहिल्या एक-दोन माजांच्या आत केलं असतं तर मिळालं असतं. आता मुख्य फायदा पायोमेट्रा टाळण्याचा आहे, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही ऑपरेशन करावं.

*हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर.* आधी औषधाने सावरणं, मग कमीत कमी वेळाचं ऑपरेशन. पोटात भरलेला वायू छातीच्या पडद्यावर दाब देतो, म्हणून हृदयाच्या रोग्यात दुर्बीण सहसा मागे पडते. डॉक्टर म्हणाले की भुलीचाच धोका जास्त, तर न करणं हाही निर्णय आहे. मग प्रत्येक माजानंतर दोन महिने पाणी, भूक आणि मागची बाजू यांवर डोळा, आणि शंका आली की सोनोग्राफी.

पग, शिट्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत मी पद्धतीपेक्षा भूल कोण देणार हे आधी विचारेन. त्यांचा खरा धोका ऑपरेशन संपून नळी काढल्यावर सुरू होतो.

६. दवाखान्यात विचारायचं, न लाजता

भूल इंजेक्शनवरच ठेवणार की श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन या भुलीच्या गॅसवर? वय झालेल्या कुत्रीला नळी आणि गॅस हवाच. भूल बघायला वेगळा माणूस असतो का, की शस्त्रक्रिया करणारेच अधूनमधून मान वळवून बघतात? ईसीजी, ऑक्सिजन, रक्तदाब आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांचे मॉनिटर आहेत का? सलाइन चालू असणार ना? अंगाखाली गरम गादी आहे का? एसी खोलीत पोट उघडं असलेली म्हातारी कुत्री झपाट्याने गार पडते आणि मग शुद्धीवर यायला वेळ लागतो.

दुर्बीण निवडली असेल तर आणखी एक: मध्येच उघडं ऑपरेशन करावं लागलं तर? हे अपयश नव्हे, पण त्याची संमती आणि खर्च आधी लिहून घ्या. एकूण अंदाज बाबवार मागा. रक्त, एक्स-रे, भूल, रात्रीचा मुक्काम, औषधं आणि टाके काढणं त्यात धरलंय का? दोन दवाखान्यांतला फरक कित्येकदा याच ओळींत असतो.

आणि रात्री दोनला काही झालं तर फोन कोण उचलतं? विरारला राहून दक्षिण मुंबईत ऑपरेशन केलंत तर हा प्रश्न पहिला विचारा.

७. आदला दिवस आणि ती सकाळ

तारीख ठरवताना दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाचा आठवडा टाळा. टाके असताना घाबरून पलंगाखाली घुसलेली कुत्री बाहेर काढणं सोपं नसतं. त्याच आठवड्यात लसही नको.

उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच. रात्री हलकं जेवण आणि सकाळी काही नाही, हे सर्वसाधारण. पाणी मात्र म्हाताऱ्या कुत्रीचं रात्रभर तोडू नका. कधी थांबवायचं ते विचारून घ्या. मधुमेह असेल तर जेवण आणि इन्सुलिनचा हिशेब पूर्ण वेगळा, तो लेखी घ्या. हृदय, थायरॉइड आणि फिटच्या गोळ्यांपैकी कुठली सकाळी द्यायची, हेही. स्टिरॉइड चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका, पण सांगितल्याशिवायही जाऊ नका.

चूक. "बिचारी उपाशी आहे" म्हणून आजीने पहाटे दिलेलं पार्ले बिस्किट. घरात सगळ्यांना सांगा आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी लावा. दिलंच असेल तर दवाखान्यात कबूल करा. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर ते फार महागात पडतं.

ऑपरेशन झाल्यावर काढलेले भाग दाखवायला सांगा. दोन्ही अंडाशय पूर्ण निघालेत, हे डोळ्यांनी बघा आणि फोटो काढा. एखादा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी पुन्हा माज येतो. पिशवी किंवा अंडाशय विचित्र दिसत असेल तर फॉर्मलिनमध्ये घालून बायोप्सीला पाठवायला सांगा. ते नंतर आठवून उपयोग नसतो.

८. घरी आल्यावर

ती डोकं धरून उभी राहू शकते तेव्हाच घरी आणा. गाडी आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी रिक्षावाले कुत्रा बघून पुढे जातात. लिफ्ट नसेल तर जाड चादर झोळीसारखी धरून दोघांनी न्या. काखेत धरून उचललं की पोटावर ताण येतो.

पहिल्या रात्री तिच्या शेजारीच झोपा. दर दोन तासांनी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या पडल्या, पोट फुगत चाललं, श्वास जोरात चालू आहे किंवा ती हाकेला दाद देत नाही, तर सकाळची वाट बघू नका. गुदद्वारातून मोजलेलं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असावं.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामकही पोटात काही गेल्यावरच, आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट वाईट असेल तर ते द्यायचं की नाही हे आधी विचारून.

गळ्यातला कोन टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस. "ती चाटत नाही हो" म्हणणाऱ्यांच्या कुत्र्या रात्री तीनला चाटतात. पावसाळ्यात खाली नेताना पोटाला कोरडं कापड बांधा आणि वर आल्यावर लगेच सोडा. ओल्या पट्टीखालची जखम हमखास चिघळते. साठलेल्या पाण्यातून तर नेऊच नका. तिथे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती वेगळीच.

टाके निघाल्यावर खाणं थोडं कमी करा, साधारण पाचवा हिस्सा, आणि दर महिन्याला वजन करा. दोन-चार महिन्यांनी किंवा वर्षानेही झोपेत लघवी गळायला लागली तर तिला ओरडू नका. मोठ्या कुत्र्यांत ते जास्त दिसतं आणि त्यावर औषध आहे. पण मागून पुन्हा रक्त किंवा पू दिसला तर ऑपरेशनच्या दिवशी काढलेला तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा.